तांबी: गावच्या टेनिस बॉल स्पर्धेच्या मॅस्कॉटची वही

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, बेळगुंदी-किणयेच्या पट्ट्यात. भातं निघाली, मळण्या उरकल्या की जानेवारीत मराठी शाळेच्या मैदानावर टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा भरते. यंदा मंडळानं मैदानावरच राहणाऱ्या एका मोकाट कुत्रीला स्पर्धेची मॅस्कॉट करायचं ठरवलं आणि तिची जबाबदारी माझ्याकडं आली. तेव्हापासून वहीत लिहीत गेलो. शेजारच्या दोन गावांतली पोरं आता तेच करायचं म्हणताहेत, त्यांच्यासाठी ही वही उतरवून काढतोय. वेळ कमी असेल तर 30 नोव्हेंबरची नोंद आधी वाचा, बाकीचं मागून.

9 नोव्हेंबर 2025, रविवार

मंदिरात मीटिंग. विषय मॅस्कॉटचा. पोरांचं म्हणणं असं की तांबी तीन हंगाम सीमारेषेवर बसून मॅच बघतेय, टी-शर्टवर तिचाच फोटो हवा. सगळ्यांना पटलं. मग कुणीतरी म्हणालं, नुसता फोटो कशाला, उद्घाटनाला तिला घेऊन मैदानात फेरी मारू, टॉसच्या वेळी उभी करू.

इथं मुख्याध्यापक सरांनी थांबवलं. परवाच, 7 नोव्हेंबरला, सुप्रीम कोर्टाचा आदेश आलाय: शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्टँड, रेल्वे स्टेशन या ठिकाणची मोकाट कुत्री उचलायची, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायची, परत त्याच जागी सोडायची नाहीत. सर म्हणाले, "तुमची तांबी शाळेच्या मैदानात राहते. आज ना उद्या पंचायतीला उत्तर द्यावं लागेल." त्यांनी ऑक्टोबरातली दिल्लीची गोष्टही काढली. जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये जागतिक पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धा चालू असताना केनियाच्या आणि जपानच्या प्रशिक्षकांना कुत्री चावली होती. मैदानावर गर्दी, पळापळ आणि बिनलसीचं कुत्रं एकत्र आलं की काय होतं ते देशानं बघितलंय.

सरांचं बोलणं मनाला लागलं, पण तांबीला उचलून न्यावं असं कुणालाच वाटत नव्हतं. कोर्टाच्याच 22 ऑगस्टच्या आदेशात एक वाट आहे: मोकाट कुत्रं दत्तक घेता येतं, मात्र घेतलेलं कुत्रं परत रस्त्यावर येणार नाही याची हमी घेणाऱ्यानं द्यायची. त्याच वाटेनं जायचं ठरलं.

म्युनिकच्या 1972 च्या ऑलिम्पिकचा मॅस्कॉट वाल्डी हा डॅशहुंड कुत्राच होता, पण तो चित्रातला. 1982 च्या दिल्ली एशियाडचा अप्पू खऱ्या हत्तीवरून घेतलेला, केरळातल्या गुरुवायूरच्या कुट्टीनारायणनवरून. अप्पूचं चित्र देशभर गाजलं. ते हत्तीचं पिल्लू पुढं एका टाकीत पडलं, पाय मोडला, तो कधी धड झाला नाही, 2005 साली ते गेलं. स्पर्धा संपल्यावर जिवंत मॅस्कॉटचं काय होतं हे कुणी विचारत नाही. मीटिंगमध्ये मी हे बोललो आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

13 नोव्हेंबर

तांबीला जनावरांच्या दवाखान्यात न्यायचा बेत फसला. दोघा पोरांनी दावं टाकून धरायला बघितलं, ती निसटून भाताच्या गंजीमागं गेली आणि दिवसभर मैदानात फिरकलीच नाही. संध्याकाळी आली तीही लांबूनच. ज्या कुत्रीला आजवर कुणी बांधलेलं नाही तिला दोरी बघूनच धडकी भरते.

आता वेगळी रीत. एकाच माणसानं, एकाच वेळी, एकाच ठिकाणी खायला द्यायचं. भात, थोडं उकडलेलं चिकन, हाडं काढून. शिजलेली हाडं फुटून त्यांचे टोकदार तुकडे होतात, ते आतड्याला लागतात. ताटलीशेजारी पट्टा नुसता ठेवून द्यायचा.

19 नोव्हेंबर

ताटलीवर मान खाली असताना पट्टा घातला, तिनं वर बघितलं आणि परत खायला लागली. आठवडाभराच्या धीरानं जे झालं ते दाव्यानं झालं नसतं.

ओमनीतून बेळगावला खासगी डॉक्टरांकडं नेली. वजन 13 किलो. दातांवरून वय तीन वर्षांच्या पुढचं. कोपरांना आणि कानांच्या कडांना लूत. डॉक्टरांनी कातडी खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली बघून म्हणाले, ही माणसाला खाज आणणाऱ्यातली आहे. मग उलगडलं की चौथीतल्या दोन पोरांच्या हातांवर पुरळ कशानं आलंय. पोरांना त्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं.

कानाची पाळी उलटली तर आतल्या घडीत गोचिडी एकीला एक लागून बसलेल्या. रक्त पिऊन टम्म झालेल्या, एरंडाच्या बीसारख्या, करड्या, चकचकीत. मी बोटानं ओढायला गेलो, डॉक्टरांनी हात धरला. ओढली की तोंड कातडीत राहतं आणि तिथं पिकतं. चिमटा कातडीला टेकवून, सरळ रेषेत, सावकाश काढायची. फोडायचीही नाही. गोचिडीतून कुत्र्याला ताप येतो, रक्तातल्या पेशी कमी होतात, म्हणून रक्त तपासून घेतलं. सुदैवानं ठीक निघालं.

लूत आणि गोचीड दोन्हींवर चालणारी चघळायची गोळी दिली, असर साधारण बारा आठवडे. ही महाग आहे, पण अंगाला औषध चोळत बसण्यापेक्षा बरी, कारण मैदानावरची पोरं तिला हात लावायची थांबत नाहीत. जंताची गोळी वजनावर, दर 10 किलोला एक या हिशेबानं.

खर्च: तपासणी आणि खरवड 450, रक्त तपासणी 700, चघळायची गोळी 1,700, जंताची 120, पट्टा आणि दोरी 320, गाडीचं पेट्रोल 300.

पट्ट्याबद्दल एक. सुरुवातीला घेतलेला नायलॉनचा अरुंद पट्टा लुतीच्या जागी घासला आणि मान लाल झाली. छातीवरून येणारा रुंद पट्टा आणला, 550. सुरुवातीलाच हा घ्या.

23 नोव्हेंबर

रेबीजची लस टोचली. कुत्र्यांच्या इतर रोगांची एकत्रित लसही आज, तिचा दुसरा डोस तीन-चार आठवड्यांनी. लस टोचली म्हणजे आजपासून धोका नाही असं समजायचं नाही, अंगात ताकद तयार व्हायला तीन-चार आठवडे जातात. आमची स्पर्धा 24 ते 26 जानेवारी, म्हणजे आम्ही वेळेत आहोत. स्पर्धेच्या आठवड्यात लस टोचून कुत्रं मैदानात आणणार असाल तर आणू नका.

डॉक्टरांनी लसीचं कार्ड दिलं, त्यावर बाटलीचं लेबल चिकटवलेलं. ते लॅमिनेट करून घेतलं, 20 रुपये. हे कार्ड पुढं किती उपयोगी पडलं ते 24 जानेवारीच्या नोंदीत आहे.

खर्च: रेबीज 300, एकत्रित लस 750.

30 नोव्हेंबर

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची.

टी-शर्टचा फोटो काढायला पोरं कॅमेरा घेऊन आली होती. मी सांगितलं, आधी तांबी कुणाच्या घरची होणार ते ठरू दे, मग फोटो. थोडी कुरबुर झाली. मंडळाच्या नावावर ठेवू, सगळ्यांची मिळून राहू दे, अशी टूम निघाली. सगळ्यांचं कुत्रं म्हणजे कुणाचंच नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. ताप आला तर रात्री अकराला दवाखान्यात कोण नेणार, या प्रश्नाला मंडळ हे उत्तर होत नाही. माणसाचं नाव लागतं.

नाव मिळायला वेळ गेला. एकाच्या घरी लहान बाळ, दुसऱ्याच्या घरी कोंबड्या, तिसरा नोकरीला गोव्यात. शेवटी मैदानाच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या अक्का म्हणाल्या, "ती तशीबी पावसात माझ्याच सोप्यावर असते की ओ. राहू दे. पण दाराला फाटक घालून द्या, आणि औषधपाणी तुमच्याकडं." अक्का एकट्याच असतात, परसाला दगडी गडगा आहे. याहून चांगली जागा मिळाली नसती.

दुसऱ्या दिवशी पंचायतीत जाऊन पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांना अर्ज दिला: कुत्री अक्कांनी दत्तक घेतली, लसीकरण झालंय, नसबंदी करणार, मैदानात मोकाट सोडणार नाही. सोबत लसकार्डाची झेरॉक्स. अर्ज कन्नडमध्ये लिहिला, शाळेतल्या कन्नडच्या बाईंनी मजकूर करून दिला. पोचपावतीवर शिक्का घेतला. त्यानंतर फोटो काढले.

फाटकाला लोखंडी जाळी, बिजागऱ्या, गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरी धरून 2,900. गडग्यात एका ठिकाणी दगड ढासळले होते, ते पोरांनी लावून घेतले.

8 डिसेंबर

नसबंदीची तारीख 12 ला घेतली होती. आज सकाळी अक्कांचा निरोप, फाटकाबाहेर कुत्र्यांची रांग लागलीय. तांबी माजावर आली. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, या दिवसांत गर्भाशयाला रक्तपुरवठा वाढलेला असतो, ऑपरेशनमध्ये रक्तस्रावाचा धोका, दोन महिने तरी थांबा.

म्हणजे स्पर्धा नसबंदीच्या आधी येणार. वेळापत्रकच उलटं झालं. तुम्ही कुत्री निवडणार असाल तर हे धरून चाला. वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, प्रत्येक वेळी तीनेक आठवडे, आणि गाभण राहिली तर सुमारे 63 दिवसांत पिल्लं. ऑगस्ट-सप्टेंबरातच काम सुरू केलं असतं तर ही अडचण आली नसती.

तीन आठवडे तांबी फाटकाच्या आत. फिरवायला नेताना दोघं, एकाच्या हातात काठी, मारायला नाही, इतर कुत्र्यांना लांब ठेवायला. रात्री गडग्यावरून एक काळं कुत्रं आत उतरलं. अक्कांनी पाण्याची बादली ओतून हाकललं. नंतर गडग्यावर शेताची जाळी बांधली, 640.

21 डिसेंबर

लसीचा दुसरा डोस. लूत जवळजवळ गेली, कोपरांवर तांबूस लव आलीय.

मॅस्कॉटचा पोशाख हे प्रकरण फसलं. खडेबाजारातून सॅटिनचं कापड आणलं, गावच्या टेलरकडून अंगरखा शिवून घेतला, पाठीवर मंडळाचं नाव. घातल्यावर तांबी पुतळ्यासारखी उभी राहिली. पाऊल टाकेना. शेपटी पोटाखाली, कान मागं, सारखी जीभ काढून नाक चाटणं, जांभया. पोरांना वाटलं झोप आलीय. ही झोपेची जांभई नव्हे, ताणाची आहे. दहा मिनिटांत काढून टाकला. 480 रुपये गेले.

शिवाय कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यात, बाकी उष्णता धापा टाकून बाहेर. जानेवारीतही दुपारी दोनला मैदान तापतं, त्यात सॅटिन म्हणजे त्रासच. आता फक्त गळ्यात सुती रुमाल, भगव्या रंगाचा, सैल गाठीचा. तो तिला चालतो.

पोस्टर मात्र झकास झालं. वर मराठी आणि कन्नड दोन्हींत मजकूर, मध्ये तांबी बसलेली, मागं वैजनाथाचा डोंगर. संघ कर्नाटकातल्या कन्नड गावांतून आणि पलीकडं चंदगडातूनही येतात, पोस्टर सगळ्यांना वाचता आलं पाहिजे.

4 जानेवारी 2026

सरावाच्या मॅच सुरू. मोठी काळजी अशी की तांबी चेंडूमागं धावून खेळ थांबवणार. 1962 च्या वर्ल्डकप फुटबॉलमध्ये इंग्लंड-ब्राझील मॅचमध्ये कुत्रं मैदानात घुसलं होतं आणि जिमी ग्रीव्हज या खेळाडूनं गुडघ्यावर बसून त्याला पकडलं होतं. आमच्याकडं ग्रीव्हज नाही.

चेंडूवरून एक गोष्ट कळली ती लिहून ठेवण्यासारखी. पोरं पिवळ्या-पोपटी चेंडूनं सराव करताना तांबी प्रत्येक फटक्याला कान टवकारून दोरी ताणायची. लाल चेंडू आला की बसून. मागून डॉक्टरांशी बोलताना कारण समजलं. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग दिसतो, लाल रंग मातकट दिसतो. सुकलेल्या गवतावर, तांबड्या मातीत लाल चेंडू तिला वेगळा दिसतच नाही. स्पर्धेचे सगळे चेंडू लाल घ्यायचं ठरलं. एका पैशाचा जादा खर्च नाही आणि अर्धी अडचण सुटली.

पिवळे चेंडू तिला चघळायलाही देऊ नयेत. वरची लोकर दातांवर घासून दात झिजतात, तुकडे पोटात जातात.

हाका ठरवायला लागल्या. मराठी पोरं "ये" म्हणतात, कन्नड पोरं "बा", कुणी चुटकी, कुणी शिट्टी. तिला काही कळेना, ती कुणाकडंच जाईना. आता सगळ्यांनी फक्त "तांबी, ये" आणि "बस". बाकी काही शिकवायचं नाही, टॉसचं नाणं तोंडात धरणं वगैरे तर नाहीच. लोकांसमोर करमणुकीसाठी जनावर वापरायचं तर 2001 च्या नियमांप्रमाणं त्याची नोंदणी लागते, आणि नोंदणी असती तरी मी हे होऊ दिलं नसतं.

11 जानेवारी

आवाजाची चाचणी. डीजेवाल्याला एक बॉक्स घेऊन बोलावलं. तांबीला आधी लांब, शाळेच्या मागच्या भिंतीपाशी ठेवलं, मग हळूहळू जवळ. पन्नास पावलांपर्यंत ठीक. तीस पावलांवर धापा, पंजे ओले, मग खाली दबून थरथर. एका पोरानं उत्साहात सुतळी बॉम्ब लावला आणि तिनं दोरीला असा हिसका दिला की माझ्या तळव्याची साल निघाली. अक्का धावत आल्या, "कुत्रं भिऊलंय की ओ, कशाला छळताय त्याला!"

अक्कांचं बरोबर होतं. संध्याकाळी मंडळात तीन ठराव करून घेतले. उद्घाटनाला आणि चौकार-षटकारांना फटाके नाहीत. डीजेचे बॉक्स मैदानाच्या पूर्वेला, अक्कांच्या घराकडं पाठ करून. आणि तांबी मैदानात फक्त सकाळी, पहिल्या मॅचच्या आधी, माइक सुरू होण्यापूर्वी. फटाक्यांचा ठराव व्हायला सर्वांत वेळ लागला. फटाके पुरवणारे देणगीदारच होते, त्यांना जाऊन समजावलं. ते पैसे त्यांनी पाण्याच्या बाटल्यांना दिले.

24 जानेवारी, शनिवार, स्पर्धेचा पहिला दिवस

सकाळी फेरी उत्तम झाली. भगवा रुमाल, दोरी अक्कांच्या हातात, दोन्ही कर्णधार शेजारून चालले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तांबी शेपटी हलवत गेली.

घोटाळा नंतर झाला. फेरी संपल्यावर लगेच घरी न्यायची होती, पण सेल्फीसाठी गराडा पडला. पाहुण्या संघातल्या एका मुलानं तिला उचलायला बघितलं, ती सुटायला धडपडली आणि नखाचा ओरखडा त्याच्या मनगटावर उमटला. रक्त आलं नाही. कुणी म्हणालं हळद लावा, कुणी चुना. आधी साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हे स्वयंसेवकांना आधीच सांगून ठेवलेलं, टाकीशेजारी साबणाची वडी टांगलेली, त्यामुळं वेळ गेला नाही. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात. तांबीचं लसकार्ड डॉक्टरांना दाखवलं. रक्त नसलं तरी ओरखड्याला लस घ्यायचीच, असं सांगून त्यांनी त्याच दिवशी पहिला डोस दिला, पुढचे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कुत्रीवर दहा दिवस लक्ष ठेवायचं. मुलाच्या वडिलांना मी स्वतः फोन केला, कार्डाचा फोटो पाठवला. ते शांत झाले. कार्ड नसतं तर हे संभाषण वेगळं झालं असतं.

दुपारीच फेरबदल केला. फ्लेक्सवाल्याला फोन करून तांबीचा पुरुषभर उंचीचा कटआउट मागवला, 1,100, संध्याकाळी मांडवाशेजारी उभा. लोकांना सेल्फीच हवी होती, ती तिथं मिळाली. रांग लागली. हे पहिल्यापासून करायला हवं होतं, कटआउटला लस लागत नाही आणि तो कुणाला भीत नाही.

खाण्याचंही बघावं लागलं. भज्यांच्या गाड्याजवळ ती असती तर कांदाभजी, खेकडाभजी पोटात गेली असती. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, चॉकलेट आणि मनुका तर विषच. एका काकांनी प्रेमानं कुंदा आणला होता. तो अक्कांनी ठेवून घेतला आणि काकांचं मन राखलं.

25 जानेवारी

तांबी घरी. फेरी नाही. रात्री दहाला स्पीकर बंद, नियमच आहे. अक्कांच्या माजघरात पोत्यावर झोपली, रेडिओ बारीक आवाजात लावून ठेवला होता, बाहेरचा गलका त्यात मुरतो. बाकी नोंद काही नाही.

26 जानेवारी, अंतिम सामना

सकाळी शाळेचं झेंडावंदन. मुलं ओळीत उभी असताना तांबी अक्कांबरोबर फाटकाच्या आतून बघत होती. एका पोरीनं सरांना विचारलं, "सर, तांबीला आत घ्यायचं?" सर नाही म्हणाले, आणि तेच योग्य होतं.

अंतिम सामना दुपारी. तांबी नव्हती, तिचं चित्र सगळीकडं होतं: चषकावर, टी-शर्टवर, धावफलकाच्या कोपऱ्यात. मालिकावीराच्या बक्षिसातले 500 रुपये त्या खेळाडूनं तिच्या औषधाला परत दिले. मॅच बघणाऱ्यांपैकी कुणी विचारलं नाही की जिवंत कुत्री कुठं आहे. आमच्या मनात जो मोठा प्रसंग होता, तिला चषकाशेजारी उभं करायचा, तो झाला नाही आणि स्पर्धेचं काही अडलं नाही.

3 फेब्रुवारी

दहा दिवस पूर्ण, तांबी ठणठणीत. मुलाच्या घरी आणि आरोग्य केंद्रात कळवलं. त्याचा शेवटचा डोस 21 ला आहे, तारीख त्याच्या वडिलांना परत एकदा सांगितली. लोक तिसऱ्या डोसानंतर विसरतात.

6 मार्च

नसबंदी झाली. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. सकाळी नेली, संध्याकाळी आणली, झिंगलेली. खर्च 4,500, गळ्यातलं प्लास्टिकचं नरसाळं 250. नरसाळं घातल्यावर तिला ताटलीपर्यंत तोंड पोचेना, पाटावर ताटली उंच ठेवली तेव्हा खाल्लं. पहिल्या रात्री नरसाळं काढून टाकू का, असं अक्कांनी विचारलं, मी नको म्हणालो. चाटलं की टाके उसवतात.

16 मार्च

टाके काढले. जखम कोरडी.

एकूण हिशेब मंडळाच्या फलकावर लावलाय. सगळं धरून पंधरा हजारांच्या वर गेले, त्यातला सर्वांत मोठा भाग नसबंदी आणि फाटक. निम्मे वर्गणीतून, थोडे टी-शर्ट विकून, बाकी आम्ही चौघांनी घातले. नसबंदीसाठी सरकारी सोय आहे का ते आधी पंचायतीत विचारा, प्राणी जन्म नियंत्रण नियम 2023 प्रमाणं मोकाट कुत्र्यांची नसबंदी ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. आम्हाला घाई होती म्हणून खासगीत केली.

शिल्लक कामं: गोचिडीची गोळी फेब्रुवारीतच संपली, ऑपरेशनमुळं लांबवली होती, ती या आठवड्यात द्यायची. पावसाच्या आधी सोप्यावर पत्रा. रेबीजची पुढची लस 23 नोव्हेंबरला, त्याचे पैसे अक्कांकडं वेगळे ठेवलेत. लसकार्डही त्यांच्याकडंच, भिंतीवरच्या कॅलेंडरमागं.